बाबांच्या पेट्यांतली फुलपाखरं: विकायची, जाळायची की आणखी काही?

पत्राचा गोषवारा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे वडील ८३ वर्षांचे, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. १९६९ ते १९८४ या काळात त्यांनी आंबोली, गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर या भागात हिंडून फुलपाखरं जमवली. काचेच्या झाकणाच्या सहा लाकडी पेट्या आहेत आणि प्रत्येक टाचणीला एक हस्तलिखित चिठ्ठी आहे. दिवाळीआधी माळा आवरताना ताईंच्या मुलीनं कौतुकानं पेट्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. "हे हत्याकांड आहे", "असल्या म्हाताऱ्यांना आत टाका" अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला. मुलीनं फोटो काढून टाकले, पण आता तिलाच पेट्या नकोशा झाल्यात. जाळून टाकू म्हणते. एका अनोळखी गृहस्थानं मेसेज करून मोठ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखरांना नगावर आणि बाकीच्यांना एकगठ्ठा किंमत देऊ केली आहे. ठाण्याचा भाऊ म्हणतो, विकून मोकळे होऊ. वडिलांनी त्या प्रतिक्रिया वाचल्या आणि तेव्हापासून ते पेट्यांचा विषय काढू देत नाहीत. ताई विचारतात: "माझे वडील क्रूर होते का? आणि या पेट्यांचं आता करायचं काय?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तातडीचं सांगते. त्या गृहस्थाला होकार देऊ नका आणि भावालाही थांबवा. त्याच्या मेसेजमधलं एक वाक्य तुम्ही जसंच्या तसं उतरवून पाठवलंय: "खालच्या चिठ्ठ्या काढून पाठवा, फक्त पीस हवेत." सगळ्या पत्रात मला हेच वाक्य सर्वांत जास्त खटकलं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक चिठ्ठी नीट वाचता येते. अंगठ्याच्या नखाएवढा जाड कागद, त्यावर टाकानं लिहिलेली मुंगीएवढी अक्षरं: "आंबोली, महादेवगड वाट, १२-१०-७४, दु. ३, घाणेरीवर." जागा, वाट, तारीख, वेळ आणि ते कुठल्या झाडावर बसलं होतं, सगळं नखाएवढ्या जागेत. ही चिठ्ठी टाचणीला आहे तोवर ते फुलपाखरू म्हणजे १९७४ सालच्या आंबोलीची एक नोंद आहे. चिठ्ठी काढली की उरतात नुसते रंगीत पंख. ज्याला फुलपाखरांचा अभ्यास करायचाय तो एक वेळ तुटक्या पंखाचं फुलपाखरू घेईल, पण बिनचिठ्ठीचं घेणार नाही. चिठ्ठी नको असते ती ज्याला माल हवा असतो त्याला. कारण हे सह्याद्रीत, रानात पकडलेलं आहे हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. कागद गेला की तेच फुलपाखरू "परदेशातल्या फार्मवर वाढवलेलं" म्हणून चौकटीत बसवून विकता येतं, नाहीतर रेझिनच्या लोलकात ओतता येतं.

भावाला कायद्याची बाजूही समजावून सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो आला तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर वाघ-बिबटे होते. फुलपाखरांच्या जाती त्याच्या अनुसूचींत, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्यांत, त्यानंतरच्या काही वर्षांत घातल्या गेल्या. २०२२ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या जातीबाबत गुन्हा शाबीत झाला तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. दुसऱ्या अनुसूचीतल्या जातींनाही संरक्षण आहेच. अशा प्राण्याच्या वस्तूचं रीतसर मालकी प्रमाणपत्र असलं तरी ती विकता येत नाही. तुमच्याकडे तर तेही नाही.

"साधीच तर फुलपाखरं आहेत" असं भाऊ म्हणेल. पण कुठली जात अनुसूचीत आहे हे ती किती वेळा दिसते त्यावरून कळत नाही. क्रिमसन रोज, म्हणजे ते लाल अंगाचं काळं फुलपाखरू, कोकणात परसदारी येतं. डॅनाइड एगफ्लाय शहरातल्या बागेतही दिसतं. ही दोन्ही कित्येक वर्षं थेट पहिल्या अनुसूचीत होती. आणि ज्या मोठ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखरांना तो नगावर भाव देतोय, ती फोटोवरून सदर्न बर्डविंग दिसतात. पंख पसरले की सहा-सात इंच भरतात. २०२० पर्यंत भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू म्हणून यांचंच नाव घेतलं जायचं. बर्डविंगच्या या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक करारानं नियंत्रण आहे. म्हणजे हा मामला माळ्यावरच्या अडगळीचा राहिलेला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न: बाबा क्रूर होते का?

तुम्ही हा प्रश्न त्या प्रतिक्रियांच्या भाषेत विचारलाय, म्हणून आधी त्या भाषेकडे पाहू. चिडलेल्या मुलामुलींना एका स्क्रीनवर टाचलेली पन्नास फुलपाखरं दिसली. चिठ्ठ्या त्या फोटोत वाचता येण्यासारख्या नव्हत्या, साल दिसत नव्हतं, माणूस दिसत नव्हता. त्यांना वाईट वाटलं, आणि ते वाटणं मला मोलाचं वाटतं. एकेकाळी आपल्याकडे चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणं हा पोरांचा खेळ होता. सोनकिडे काड्यापेटीत घालून शाळेत न्यायचे, त्यानं अंडी घातली की वर्गभर मिरवायचं, आणि दोन दिवसांनी तो मेला की दुसरा शोधायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. आज एखाद्या मुलीला मेलेलं फुलपाखरू पाहून कळवळा येतो, ही समाजात झालेली चांगली वाढ आहे. तुमच्या मुलीची शिसारी खोटी नाही. तिला "तुला काय कळतंय" म्हणून गप्प करू नका.

माझा आक्षेप त्यातल्या एका गृहीतकाला आहे: जाळं हातात घेणारा तो फुलपाखरांचा शत्रू, आणि जाळं काढून घेतलं की फुलपाखरं वाचली.

इंग्लंडमध्ये लार्ज ब्लू नावाचं एक निळं फुलपाखरू होतं. ते कमी होऊ लागलं तेव्हा दोष गेला संग्राहकांवर. त्यांना अडवायला कुंपण घालण्यापर्यंत मजल गेली, तरी ते कमी होतच राहिलं आणि १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसं झालं. जेरेमी थॉमस या संशोधकानं कारण शोधलं ते असं: या फुलपाखराची अळी एका ठरावीक जातीच्या लाल मुंगीच्या वारुळात वाढते. त्या मुंगीला उन्हानं तापणारी, आखूड गवताची उताराची जमीन लागते. १९५० च्या दशकात रोगानं ससे मेले, गुरंही चरायला जाईनाशी झाली, गवत गुडघ्याएवढं वाढलं, जमीन थंड पडली, मुंगी गेली आणि मुंगीपाठोपाठ फुलपाखरू गेलं. कुंपणानं माणसांबरोबर चरणारी जनावरंही बाहेर राहिली असतील तर त्या फुलपाखराचं भलं कसं होणार? पुढे गवत पुन्हा आखूड राखलं, १९८३ पासून स्वीडनहून आणून ते फुलपाखरू सोडलं, आणि आज ते तिथे उडतंय.

या कथेला एक पुरवणी आहे, ती वगळून चालणार नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये एका माणसाला हेच लार्ज ब्लू पकडून मारल्याबद्दल शिक्षा झाली. अशा प्रकारची ती तिथली पहिलीच शिक्षा. म्हणजे संख्या मूठभर उरली की जाळंही घातक ठरतं. एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते, त्यातली बहुतेक अळीपणातच पक्ष्यांच्या, गांधीलमाश्यांच्या पोटात जातात. अशा सर्वदूर पसरलेल्या जातीतून एखाद्या शिक्षकानं वर्षाकाठी वीस फुलपाखरं घेतली तर त्या जातीला फरक पडत नाही. पण जी जात एकाच डोंगरात उरली आहे आणि जिच्यावर बाजारानं किंमत लावली आहे, तिचं गणित अगदी वेगळं. पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतातलं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग हे जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू. १९०६ मध्ये त्याचा पहिला नमुना चक्क बंदुकीनं पाडून मिळवला होता. आज त्याचा व्यापार सायटीसनं पूर्ण बंद केला आहे, तरी चोरून चालतो. २००७ मध्ये अमेरिकेत एका व्यापाऱ्याला अशाच फुलपाखरांच्या चोरट्या विक्रीबद्दल २१ महिन्यांची कैद झाली. त्याच वेळी पापुआ न्यू गिनीतली या फुलपाखराची रानं तेलताडाच्या लागवडीसाठी तोडली गेली, आणि त्याबद्दल कुणाला तुरुंगात जावं लागलं नाही.

आपल्याकडचंही पाहा. राधानगरीच्या आसपासचे बांध तुम्ही लहानपणापासून पाहताय. बांधावरची रुई, घाणेरी, बोरीबाभळी, पानफुटी हीच अळ्यांची आणि फुलपाखरांची शिदोरी होती. तणनाशक आल्यापासून बांध स्वच्छ झाले, आणि "स्वच्छ" म्हणताना आपल्याला बरंही वाटतं. त्या स्वच्छ बांधाचा फोटो टाकला तर कुणी हत्याकांड म्हणणार नाही. लग्नात आपण पैठणी नेसतो तेव्हा कोश उकळल्याशिवाय ते रेशीम निघत नाही, हेही आपल्याला ठाऊक असतं. मी हे कुणाला गप्प बसवायला सांगत नाही. कीटकांबद्दलची आपली दया डोळ्यांना दिसेल तिथेच जागी होते आणि टाचणी फार चटकन दिसते, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाबांच्या काळात दुसरा मार्गही फारसा नव्हता. आज तुमची मुलगी फोनमध्ये उडत्या फुलपाखराचा स्पष्ट फोटो घेते आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी नाव सांगतं. १९७० च्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाकडे काय होतं? विंटर-ब्लाइथ यांचं १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं काढलेलं पुस्तक मिळालं तर मिळालं, आणि नाव ठरवायला पंखाखालची रेघ-ठिपका जवळून पाहावा लागे. त्यासाठी ते हातात यावं लागे. आल्फ्रेड रसेल वॉलेससारखा निसर्गशास्त्रज्ञ तर मलय द्वीपसमूहात आठ वर्षं राहिला तो पकडलेले कीटक आणि पक्षी लंडनला विकूनच. त्या काळी संग्रह, विज्ञान आणि व्यापार एकाच टोपलीत होते. ते वेगळे करायला आपल्याला शंभर वर्षं लागली.

आणि अशा संग्रहांनी काय दिलं त्याचं एक उदाहरण, कीटकांचं नसलं तरी सांगतेच. ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी जमवण्याचं वेड होतं. लोकांना त्याची चीड आली आणि १९५४ च्या कायद्यानं ते गुन्हा ठरलं, हे योग्यच झालं. पुढे बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली. कारण सापडेना. तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या छंदिष्टांच्या पेट्यांतली तारखा लिहिलेली अंडी काढून मोजली, तोलली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवच एकाएकी पातळ झालेलं दिसलं. त्यांनी ते १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यात त्याची मोठी भर पडली. ज्यांनी अंडी जमवली त्यांच्या डोक्यात हे कधीच नव्हतं. पेट्यांवर तारीख होती म्हणून ते जमलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: बाबांनी जीव घेतले, हे खरं. ते लपवायला नको. पण त्यांनी ते फुकट जाऊ दिले नाहीत; दर जिवामागे एक नोंद ठेवली. आज कुणी हौशीनं तसं करू नये असं मी ठामपणे म्हणेन, कारण आज कॅमेरा आहे, कायदा आहे आणि फुलपाखरांना राहायला जागा कमी उरली आहे. १९७४ मधल्या माणसाला २०२० नंतरच्या मापानं तोलून "क्रूर" म्हणणं मात्र मला मान्य नाही.

याच्या उलट बाजूनंही लोक बोलतात. २००८ च्या जूनमध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात दोन झेक नागरिकांना कीटक पकडताना अटक झाली. त्यातले एक भुंगेऱ्यांचे नावाजलेले अभ्यासक होते. जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रं लिहिली: शास्त्रज्ञाला चोर कसं म्हणता? वन विभागाचं म्हणणं साधं होतं: परवानगी कुठे आहे? अभ्यासकाला २० हजार रुपये दंड झाला. दुसऱ्याला ३ वर्षं कैद आणि ६० हजार दंड, पण तो जामिनावर असताना देश सोडून गेला. मला दोन्ही बाजूंचं थोडंथोडं पटतं. कीटकांवर काम करणाऱ्या आपल्याच तरुणांना परवान्यांसाठी खेटे घालावे लागतात, ही तक्रार खरी आहे. तरी ज्याची डोंगररांग त्याला विचारायचं नाही, ही जुनी सवय आहे आणि ती मोडलीच पाहिजे. २०२४ मध्ये श्रीलंकेतल्या 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात दोन इटालियन, बाप-लेक, बरण्यांत भरलेल्या शेकडो कीटकांसह सापडले; त्यांना ६ कोटी श्रीलंकन रुपये दंड झाला. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे ५ हजार राणी मुंग्या घेऊन पकडले गेले. प्रत्येक मुंगी काचनळीत, तोंडाला ओल्या कापसाचा बोळा, म्हणजे महिना-दोन महिने जगावी अशी सोय. युरोप-आशियात हौसेनं मुंग्या पाळणारे त्यांचे गिऱ्हाईक. दहा वर्षांपूर्वी यावर लोक हसले असते. आता न्यायालयं हसत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं.

व्यापार म्हटला की सगळाच वाईट, असंही मात्र नाही. केनियाच्याच किनाऱ्यालगत अराबुको-सोकोके जंगलाच्या कडेला १९९३ पासून गावकरी फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवतात आणि कोश परदेशातल्या फुलपाखरू-उद्यानांना विकतात. जंगल राहिलं तरच मादी मिळते, म्हणून जंगल राखण्यात त्यांचा फायदा आहे. पापुआ न्यू गिनीत १९७८ पासून सरकारी संस्थेमार्फत असंच काम चालतं. आपल्या कायद्यात अनुसूचीतल्या जातींचं असं करता येत नाही. पण "फार्मवर वाढवलेलं" हा शब्द जगात कुठेतरी खरा असतो, म्हणूनच तो खोट्या मालावर चिकटवायला सोपा जातो.

आता पेट्यांचं. जाळू तर अजिबात नका. जाळल्यानं एकही फुलपाखरू परत उडणार नाही, जाईल ती फक्त नोंद. दिवाणखान्यात टांगूही नका. उजेडानं रंग उडतील, आणि प्रत्येक पाहुण्याला तोच खुलासा देत बसावं लागेल. त्या एखाद्या संस्थेकडे जाव्यात असं मला वाटतं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून असे संग्रह सांभाळते. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात फुलपाखरांवर मोठं काम चालतं आणि तिथेही संशोधन-संग्रह आहे. तुम्हाला जवळ म्हणजे शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग. तिथे निदान पेट्यांची आजची अवस्था पाहून सांगणारं कुणी भेटेल. प्रत्येक संस्था प्रत्येक संग्रह घेतेच असं नाही, म्हणून आधी यादी आणि फोटो पाठवून विचारा. पेट्या कुरिअरनं पाठवू नका, आणि गाडीत घालून परस्पर नेऊही नका.

नेण्याआधी वन विभागाशी लेखी बोला. त्याच्याही आधी एखाद्या वकिलाला सगळं दाखवा, कारण जुन्या संग्रहांच्या बाबतीत कागद कसा असावा हे तोच नीट सांगेल. मग जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना किंवा उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाला अर्ज: वडिलांचा इतक्या सालांतला संग्रह आहे, विकायचा नाही, अमुक संस्थेला द्यायचा आहे, मार्गदर्शन करावं. पोच घ्या आणि जपून ठेवा. इथे एक मोह होईल. दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे, आणि बाबांच्या काही चिठ्ठ्यांवर दाजीपूर लिहिलेलं आहे. त्या तेवढ्या काढून टाकाव्यात असं कुणीतरी सुचवेल. काढू नका, खाडाखोड करू नका, तारखांना हात लावू नका. चिठ्ठी बदललेला संग्रह विज्ञानाला नको असतो, आणि लपवाछपवीनं अडचण वाढतेच.

तोवर पेट्यांची निगा. झाकणं वारंवार उघडू नका. आत कीटकनाशक फवारू नका. एखाद्या फुलपाखराच्या पोटाखाली तपकिरी भुकटी साचलेली दिसली तर आत भुंगेरा लागलाय असं समजा. ती पेटी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि विद्यापीठात दाखवा. जुन्या डांबरगोळ्या असतील, तेव्हा झोपायच्या खोलीत पेट्या नकोत, विशेषतः बाबांच्या वयाला. पंख गळून पडला असेल तर लहान पाकिटात घालून त्याच टाचणीजवळ ठेवा. भिंतीला टेकवू नका; आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती पाझरतात आणि बुरशी तिथूनच चढते.

आणि सर्वांत निकडीचं काम म्हणजे चिठ्ठ्या वाचणं. हे संस्था करणार नाही, हे फक्त तुमच्या घरात होऊ शकतं, आणि तेही बाबा आहेत तोवर. आधी पूर्ण पेटीचा फोटो, मग एकेका चिठ्ठीचा, प्रत्येकाला क्रमांक, आणि तो मजकूर वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवायचा. "महादेवगड वाट" म्हणजे नेमकी कुठली, आज तिथे काय आहे, "पाटलांचा ओढा" कुणाच्या रानातला, हे चिठ्ठीत नाही, बाबांच्या डोक्यात आहे. जातींची नावं त्यांनी जुनी लिहिली असतील तर तशीच उतरवा. नवी नावं अभ्यासक लावतील. त्यांच्या रोजनिशा, खर्चाच्या वह्या, सोबत येणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं, जे मिळेल ते.

हे काम मुलीवर सोपवा असं मी सुचवते. तिनं पेट्यांना हात लावावा असा आग्रह नको. फोटोवरून वाचायचं आणि आजोबांना विचारायचं. बाबा सध्या बोलत नाहीत, पण "लोकांचं मनावर घेऊ नका" असं म्हटल्यानं ते बोलते होणार नाहीत. त्यांना उत्तर येतं असा प्रश्न विचारला तर होतील. चिठ्ठीतलं एखादं न लागणारं अक्षर घेऊन नातीनं जवळ बसावं. आणि तिनं त्यांना तोही प्रश्न विचारावा जो तिच्या मनात आहे: मारताना वाईट वाटायचं का? माझा अंदाज आहे की एवढ्या बारकाईनं लिहिणाऱ्या माणसानं याचा विचार केलेला असणार. त्यांचं जे उत्तर असेल ते तिनं ऐकावं, पटलं नाही तर पटलं नाही म्हणावं. आजोबा-नातीत मतभेद राहिले म्हणून काही बिघडत नाही.

तिला स्वतःहून काही करावंसं वाटलं तर दारात लिंबू आणि कढीपत्ता असू द्या. त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. ईश्वरीची वेल मिळाली तर क्रिमसन रोज येईल, आणि घाटाच्या जवळ असाल तर बर्डविंगही. पानं खाल्लेली दिसली तरी फवारा मारायचा नाही. सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरू महिना साजरा होतो, त्यात तिनं आंबोलीच्या त्याच वाटेवर जाऊन दिसतील त्यांचे फोटो तारखेसह नोंदवावेत. १९७४ आणि आज, दोन्ही याद्या शेजारी ठेवता येतील.

असंच कोडं पडलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. कृषी महाविद्यालयातल्या कित्येक मुलांना कीटकांची पेटी जमा करावी लागते. ती करायचीच तर शेतातल्या किडींची करा, दिव्यावर येणाऱ्या पतंग-भुंगेऱ्यांची करा, चिठ्ठी प्रामाणिकपणे लिहा, अभयारण्यात जाळं नेऊ नका आणि सुंदर दिसतं म्हणून फुलपाखरू घेऊ नका. सीनियरची पेटी विकत घेऊन स्वतःच्या नावानं देऊ तर नकाच. आणि ज्यांना वाढदिवसाला फुलपाखराची चौकट किंवा रेझिनमधला भुंगा भेट द्यावासा वाटतो त्यांनी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत: ही कुठली जात आणि कुठून आली? नाव आणि गाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

ताई, त्या गृहस्थाला "विकायच्या नाहीत" एवढंच कळवा. वाद घालू नका, पत्ता देऊ नका. त्याचे मेसेज पुसू नका. तो पुन्हापुन्हा मागे लागला किंवा आणखी कुणाकडून असा माल घेतल्याचं सांगू लागला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. इन्स्टाग्रामवर लगेच खुलासा द्यायची घाई नको. वन विभागाचा कागद हाती येईपर्यंत फोटो पुन्हा टाकू नका.

संस्थेला पत्र लिहाल तेव्हा ते बाबांच्या नावानं लिहा आणि खाली त्यांची सही घ्या. संग्रहात प्रत्येक नमुन्यापुढे जमवणाऱ्याचं नाव नोंदलं जातं. ते त्यांनी स्वतः जसं लिहिलं असतं तसंच जायला हवं.